रेल्वेच्या कंत्राटापासून लष्कराच्या विमानांपर्यंत : सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी हे जमवलं कसं?

सोलापूरची अक्कलकोट रोड एमआयडीसी म्हटलं की डोळ्यांसमोर येतात यंत्रमाग, टॉवेल आणि चादरी. जवानांनाही टॉवेल लागतो, चादर लागते, गणवेश लागतो. तरी लष्कराची ऑर्डर म्हणजे बड्या कंपन्यांचं काम, असाच समज लहान कारखानदारांमध्ये दिसतो.

पण याच सोलापुरात जन्मलेल्या एका माणसाने थेट लष्करासाठी विमानांचा कारखाना काढला होता. तेही इंग्रजांच्या राज्यात. त्यांचं नाव वालचंद हिराचंद दोशी.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा. घरात सावकारी आणि कापसाचा व्यापार. शिक्षणासाठी ते मुंबई-पुण्याला गेले, पण पदवी न घेताच परतले. घरच्या धंद्यात मन रमेना, तेव्हा त्यांनी वेगळी वाट धरली. रेल्वेची कंत्राटं घ्यायची.

आता कंत्राटदारीचा अनुभव शून्य. मग त्यांनी भागीदार निवडला तो लक्ष्मणराव बळवंत फाटक. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते. सरकारी कचेरीत कागद कुठून कुठे जातो, मोजमाप कसं होतं, बिल कुठे अडतं, हे अशा माणसाला आतून माहीत असतं. वालचंद यांच्याकडे भांडवल उभं करण्याची ताकद होती. दोघांची फाटक-वालचंद ही कंपनी उभी राहिली. सुरुवातीचं काम होतं बार्शी लाईट रेल्वेचं, म्हणजे घराजवळचं आणि झेपेल एवढं.

पुढे कामं मोठी होत गेली. मुंबई-पुणे मार्गावर बोरघाटातले बोगदे, तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणाऱ्या पाइपलाइनचं काम. १९२० मध्ये टाटांसोबत बांधकाम कंपनी झाली, १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी. १९१९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन ही जहाज कंपनीही काढली होती आणि ब्रिटिश जहाज कंपन्यांच्या दरयुद्धात ती टिकवून धरली होती.

थोडक्यात, विमानांचा विषय निघाला तेव्हा वालचंद यांच्या गाठीला सरकारी कामांचा तीसेक वर्षांचा अनुभव होता.

गोष्ट आहे १९३९ ची. दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं. प्रवासात वालचंद यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन माणसाशी पडली. पॉली चीनसाठी विमानं बनवण्याच्या धंद्यात होते. वालचंद यांच्या डोक्यात चक्र सुरू झालं. चीनमध्ये होतं, तर भारतात का नाही?

त्यांनी सरकारपुढे प्रस्ताव ठेवला. सुरुवातीला प्रतिसाद थंड होता. पण १९४० मध्ये फ्रान्स पडला, ब्रिटनवर संकट आलं आणि तिकडून विमानं मिळण्याची आशा मावळली. आता सरकारलाच कारखाना हवा होता, आणि योजना तयार असलेला माणूस समोर होता.

तांत्रिक बाजू पॉलींची. जागा आणि भांडवलासाठी म्हैसूर संस्थान सोबत आलं. २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरमध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. हार्लो जातीची प्रशिक्षण विमानं, कर्टिस हॉक लढाऊ विमानं आणि व्हल्टी बॉम्बर अशी ऑर्डर ठरली. १९४१ मध्येच पहिलं हार्लो विमान आकाशात गेलं.

गंमत म्हणजे त्याच काळात वालचंद मोटार कारखान्यासाठीही सरकारचे उंबरठे झिजवत होते. माणूस तोच, सरकार तेच. पण मोटार कारखान्याला युद्धासाठी गरजेचा उद्योग मानायला सरकार तयार झालं नाही. प्रीमियर ऑटोमोबाईल्स उभी राहायला १९४४ उजाडलं. लष्करी खरेदीदार विक्रेत्याचं स्वप्न विकत घेत नाही, तो स्वतःची गरज भागवतो. हे इथे लख्ख दिसतं.

पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे.

मार्च १९४१ मध्ये भारत सरकार कंपनीत एक तृतीयांश भागीदार झालं. डिसेंबरमध्ये जपान युद्धात उतरला आणि धोका भारताच्या दाराशी आला. १९४२ मध्ये सरकारने वालचंद यांचे शेअर विकत घेतले आणि कारखान्याचा ताबा स्वतःकडे घेतला. दीड वर्षात कारखाना हातातून गेला. तीच कंपनी १९६४ पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्स, म्हणजे आजची एचएएल.

विशाखापट्टणमच्या जहाज कारखान्याचंही पुढे तसंच झालं. १९४१ मध्ये पायाभरणी झाली, १९४८ मध्ये जलउषा हे जहाज पाण्यात उतरलं आणि १९५२ मध्ये दोन तृतीयांश मालकी सरकारकडे गेली. पुढच्याच वर्षी, ८ एप्रिल १९५३ रोजी, वालचंद यांचं निधन झालं.

तरीही त्यांचा समूह बुडाला नाही. कारण बांधकाम होतं, रावळगाव आणि वालचंदनगरची साखर होती, मोटारी होत्या. एकाच गिऱ्हाइकावर सगळा डाव लावलेला नव्हता.

आता प्रश्न असा की आजच्या लहान कारखानदाराला यातून काय घेता येईल?

पहिलं म्हणजे, दार आता बरंच उघडं आहे. उद्यम नोंदणी आणि सरकारच्या जेम पोर्टलवर विक्रेता म्हणून नोंदणी, ही सुरुवात. २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्राची खाती आणि सरकारी कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतला २५ टक्के माल सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो. निविदेची अनामत रक्कमही या उद्योगांना माफ असते. तुमचा दर सर्वात कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असेल, तर त्या कमी दराला उतरून कामाचा वाटा मिळवता येतो.

दुसरं, फाटकांसारखा माणूस शोधा. लष्कराचा टॉवेल दुकानातल्या टॉवेलसारखा विकला जात नाही. वजन, धाग्याची ताकद, रंगाचा पक्केपणा हे सगळं कागदावर ठरलेलं असतं. माल तपासणीत उतरला नाही तर परत येतो. हे कागद वाचता येणारा माणूस मशीनइतकाच मोलाचा.

तिसरं, बार्शीपासून सुरुवात करा. २०२१ मध्ये आयुध कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यातली कानपूरची ट्रूप कम्फर्ट्स जवानांचे कपडे आणि तंबू बनवते. अशा कंपनीला सुटा माल पुरवणं हीसुद्धा लष्कराच्या दारातली पहिली पायरी ठरू शकते. नवं तंत्रज्ञान असेल तर २०१८ पासून आयडेक्स योजना आहे.

आणि चौथं, लष्कराची ऑर्डर मिळाली म्हणून बाजारातलं गिऱ्हाईक सोडू नका. ऑर्डर कधी थांबेल, कधी बदलेल, हे खरेदीदार ठरवतो. वालचंद यांच्यासारख्या बड्या उद्योगपतीलाही त्यापुढे काही करता आलं नाही. लहान कारखानदाराने तर यंत्रमागांची निम्मी ताकद तरी नेहमीच्या बाजारासाठी राखलेली बरी.