लक्ष्मीबाईंचा हसरा संसार

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असे मला सांगण्यात आले. थोर स्त्रिया म्हटल्या की जिजाऊ, अहिल्याबाई, सावित्रीबाई ही नावे आपोआप ओठांवर येतात. त्यांच्याविषयी आपण दरवर्षी ऐकतो आणि ऐकावेच. पण मी मुद्दाम अशी बाई निवडली आहे, की जिने राज्य चालविले नाही, लढाई केली नाही की शाळा काढली नाही. तिने संसार केला, स्वतःची व लोकांची मुले वाढविली, नवऱ्याशी भांडली, आणि म्हातारपणी ते सगळे हसत हसत लिहून ठेवले. तेवढ्यावर तिचे नाव राहिले. त्या लक्ष्मीबाई टिळक. केसरीचे लोकमान्य टिळक निराळे. लक्ष्मीबाईंचे यजमान म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक हे कवी.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. जाडजूड ग्रंथ पाहिला की मी तो कपाळाला लावून परत ठेवते. पण लक्ष्मीबाईंचे स्मृतिचित्रे वाचताना मला कुठे अडले नाही. आपण भाकरी थापीत असावे आणि शेजारणीने उंबऱ्यात बसून तिच्या घरचे सांगावे, तसे ते पुस्तक आहे. वाचता वाचता मला एकटीलाच हसू फुटे. आमच्या धाकट्याने एकदा ते पाहिले आणि आजीला जाऊन सांगितले, की आई पुस्तकाशी काहीतरी बोलते आहे. सासूबाई लगबगीने पाहायला आल्या. मी त्यांना दोन पाने वाचून दाखविली. मग त्याही तिथेच बसल्या, आणि चहाची वेळ टळून गेली.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1 जून 1868 रोजी नाशिकजवळच्या जलालपूर या गोदाकाठच्या गावी झाला. माहेरचे आडनाव गोखले, नाव मनकर्णिका. घरात सगळे मनू म्हणत. वडिलांचे नाव नारायणराव. या नारायणरावांना सोवळ्याचे विलक्षण वेड होते. बाजारातून आणलेले धान्य धुतल्याशिवाय घरात घ्यायचे नाही. मीठसुद्धा या धुण्यातून सुटत नसे. धुतलेल्या मिठाचे काय उरते, ते तुम्हांआम्हांला वेगळे सांगायला नको! घरातल्या बायकांचा दिवस धुण्यात, वाळविण्यात आणि पुन्हा धुण्यात जाई. मुलांना तर कुणाला शिवायची चोरी. लक्ष्मीबाई हे सगळे असे सांगतात, की आपली हसून पुरेवाट होते. पण या वेडाचे मूळ कळले की हसू ओठांवरच थांबते. 1857 च्या बंडात नारायणरावांच्या सासऱ्यांना इंग्रजांनी फाशी दिले होते. त्या धक्क्याने या माणसाच्या मनात विटाळाची भीती बसली, ती कायमची. लक्ष्मीबाईंच्या लिहिण्याची ही रीतच आहे. वर हसू असते आणि थोडे खाली गेले की डोळ्यांत पाणी येते.

वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी, 1880 साली मनूचे लग्न झाले आणि ती लक्ष्मी झाली. टिळक तिच्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठे. त्यांचा जन्म 1861 चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. लक्ष्मीबाई शाळेत कधी गेल्या नाहीत. अक्षर-ओळख टिळकांनी करून दिली. म्हणजे नवरा हाच मास्तर! आता शाळेतल्या मास्तरांवर रागावून घरी तरी येता येते. मास्तरच घरी असले म्हणजे रागावून जायचे कुठे? तरी त्या शिकल्या.

टिळक मोठे बुद्धिमान, उत्तम कवी, उत्तम वक्ते. पण संसाराला म्हणाल तर अवघड. राग आला की क्षणात येई आणि क्षणात जाई. मनात आले की उठून चालू लागत. हातात पैसा ठरत नसे. वाटेत कोणी गरजू भेटला की खिसा रिकामा. नोकरी एका गावी टिकली तर शपथ! आज नाशिक, उद्या नागपूर, परवा राजनांदगाव. लक्ष्मीबाईंनी बिऱ्हाड मांडावे आणि टिळकांनी ते हलवावे.

टिळकांना फुलामुलांचे कवी म्हणतात. त्यांच्या कविता आपल्या मुलांच्या क्रमिक पुस्तकांत असत. ते वाचताना माझ्या मनात एक गोष्ट येते. फुलांवर आणि मुलांवर कविता करणे हे मोठेच काम आहे, त्यात शंका नाही. पण फुलांना पाणी कोणी घालायचे आणि मुलांची नाके कोणी पुसायची? कवितेखाली टिळकांचे नाव असते. नाके पुसणाऱ्या बाईला स्वतःचे नाव घालण्यासाठी स्वतःच पुस्तक लिहावे लागले.

पण मुलांच्या बाबतीत दैवाने लक्ष्मीबाईंना फार सोसायला लावले. झालेल्या मुलांपैकी हाताशी राहिला तो एक देवदत्त. त्याचा जन्म 1891 चा. घरचे सगळे त्याला दत्तू म्हणत. एवढ्या दुःखानंतर मिळालेला तो एकुलता मुलगा. त्याला पडसे आले तरी आईच्या जिवाचे काय होत असेल, ते ज्या आईने मूल गमावले आहे तिला कळेल.

दत्तू तीन-चार वर्षांचा असताना घरावर वीज पडली. 1893 मध्ये टिळक रेल्वेने राजनांदगावला चालले असता एका गोऱ्या गृहस्थाची गाठ पडली आणि त्याने त्यांना बायबल वाचायला दिले. पुढे दोन वर्षे त्यांचा विचार चालला होता. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. नाशिकच्या सोवळ्याओवळ्यातल्या बाईच्या संसाराचे काय झाले असेल! मीठ धुणाऱ्या बापाची ही लेक. नवरा जिवंत, कपाळाचे कुंकू जागेवर, आणि नवऱ्याच्या घरी पाऊल टाकायची सोय नाही. वेड लागायचेच बाकी होते. नातेवाईकांनी तिला आणि दत्तूला सांभाळले. पंढरपूरला बहिणीच्या घरी त्या पुष्कळ दिवस राहिल्या. त्या ताटातुटीत त्या कविता करू लागल्या. मला नेहमी वाटते, दत्तूने त्या वेळी आईला किती प्रश्न विचारले असतील! आपली मुले बाबा गावाला गेले तरी दहादा विचारतात, की कधी येणार आणि काय आणणार. या मुलाला कोणी काय उत्तर दिले असेल?

चार-पाच वर्षे अशी गेली. शेवटी लक्ष्मीबाई अहमदनगरला गेल्या आणि नवराबायको पुन्हा एका गावी आले. पण धर्म दोन, म्हणून चुली दोन. लक्ष्मीबाईंचे सोवळे, पाणी, स्वयंपाक वेगळा. या काळाविषयी त्या लिहितात तेव्हा गंमतच गंमत आहे. स्वतःच्या सोवळ्याची त्या जितकी थट्टा करतात तितकी दुसऱ्या कोणाची करीत नाहीत. मोठ्यांनी चुली वेगळ्या केल्या तरी मुलाला दोन्हीकडे भूक लागणारच! आपल्याकडे भाऊ-भाऊ वेगळे निघाले आणि अंगणात दगड मांडला, तरी पोरे या घरची भाकरी घेऊन त्या घरच्या कालवणात बुडवितात, तसेच. हळूहळू लक्ष्मीबाईंना स्वतःलाच प्रश्न पडू लागला, की माणसामाणसांतला हा विटाळ केला कोणी? देवाने की माणसांनी? उत्तर मिळाले तेव्हा त्यांनी शिवाशीव टाकली, आणि 1900 साली त्यांनीही ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. धर्माचा निर्णय ज्याचा त्याचा असतो. त्यावर मी काही बोलत नाही. पण नवऱ्याने ओढले म्हणून ही बाई गेली नाही. पाच वर्षे अडून बसली, स्वतः विचार केला, आणि पटले तेव्हा पाऊल टाकले. एवढे मात्र आपण सगळ्यांनी शिकण्यासारखे आहे.

त्यानंतर टिळकांचे घर म्हणजे धर्मशाळाच झाली. दुष्काळाचे आणि प्लेगाचे दिवस होते. अनाथ, निराधार पोरे टिळक घरी घेऊन येत. आणणे त्यांचे काम, पुढचे लक्ष्मीबाईंचे. घरात किती पाने मांडायची, ते पाने मांडेपर्यंत कळत नसे. तारा नावाची मुलगी त्यांनी पोटची म्हणून वाढविली. नगरला प्लेग आला तेव्हा लागण झालेल्या मुलींच्या शुश्रूषेला त्या राहिल्या. जिथे सख्खे नातेवाईक गाव सोडून पळत, तिथे त्या राहिल्या. पूर्वी दुसऱ्याच्या सावलीला भिणारी हीच ती बाई.

त्यांच्या घरी राहायला आलेल्या मुलांत एक पुढे फार प्रसिद्ध झाला. तो म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे, आपले बालकवी. त्याचा जन्म 1890 चा, म्हणजे दत्तूच्याच बरोबरीचा. टिळकांचा त्याच्यावर फार जीव, आणि तो लक्ष्मीबाईंना आईच्या ठिकाणी मानी. आता घरात एक मोठे कवी होते, त्यात एक धाकटे कवी आले. दोघेही आभाळाकडे बघणारे! मग दळण कोणी आणायचे आणि दुधाकडे कोणी बघायचे, हे मी सांगायला नको. पण लक्ष्मीबाईंनी या पोराचे रुसवेफुगवे आईच्या मायेने काढले. पुढे 1918 साली भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून बालकवी गेले. वय अवघे 27. बालकवींना पुस्तकांतून सगळे ओळखतात. जेवायला हाक मारली तरी न येणारा पोरगा म्हणून त्यांना ओळखणारी लक्ष्मीबाईंसारखी एखादीच.

पुढच्याच वर्षी, 9 मे 1919 रोजी टिळक मुंबईस वारले. लक्ष्मीबाईंचे वय तेव्हा पन्नास. त्या खचून बसल्या नाहीत. मुलींच्या वसतिगृहात काम केले, कराचीलाही जाऊन राहिल्या. टिळकांनी येशूच्या चरित्रावर ख्रिस्तायन हे मोठे काव्य लिहावयास घेतले होते आणि दहा-अकरा अध्यायांवर ते अपुरे राहिले होते. लक्ष्मीबाईंनी पुढचे साठांहून अधिक अध्याय लिहिले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने हे केले! नवऱ्याचा अर्धवट राहिलेला संसार जसा ओढला, तसेच हे काव्यही.

आणि आता त्या पुस्तकाची गोष्ट. देवदत्त मोठा झाला होता, लिहिणारा झाला होता. त्याला वडिलांचे चरित्र लिहायचे होते, म्हणून त्याने आईला आठवणी लिहून द्यायला सांगितले. आई लिहू लागली टिळकांविषयी, आणि लिहिता लिहिता घर आले, दार आले, चूल आली, पोरे आली, उसनवारी आली, भांडणे आली. त्या आठवणी संजीवनी मासिकात छापून येऊ लागल्या, आणि 1934 पासून पुस्तकरूपाने भाग निघू लागले. नवऱ्याच्या चरित्राची तयारी म्हणून सुरू झालेले लिखाण मराठीतले एक श्रेष्ठ आत्मचरित्र ठरले. 24 फेब्रुवारी 1936 रोजी लक्ष्मीबाई वारल्या. पुढे 1950 साली त्या आठवणींचा इंग्रजी अनुवाद निघाला, आणि 2017 साली शांता गोखले यांनी संपूर्ण पुस्तक पुन्हा इंग्रजीत नेले. जलालपूरच्या मनूच्या घरातले धुतलेले मीठ आता परदेशातही वाचले जाते.

हे पुस्तक निघाले तेव्हा आपल्या जळकोटावर निजामाचे राज्य होते. सरकारी शाळा म्हणजे उर्दू शाळा. मुलींना कोण पाठविणार? आपल्या आज्या-पणज्यांनी लक्ष्मीबाईंइतकाच कठीण संसार केला. दुष्काळ पाहिले, रझाकारांचे दिवस पाहिले, आठ-आठ बाळंतपणे काढली, आणि त्याही हसत होत्या. जात्यावर आणि विहिरीवर काय हशा पिकत असे, ते म्हाताऱ्या बायका अजून सांगतात. पण लिहिले कोणीच नाही. माझी आजेसासू किती हजरजबाबी होती, याचा एक पुरावा म्हणून माझ्याजवळ कागदाचा कपटाही नाही.

लक्ष्मीबाईंच्या हसण्याविषयी मला जे कळले ते एवढेच, की ते दुःख नसणाऱ्या बाईचे हसणे नाही. आधी स्वतःला हसायचे, मग घरच्यांना, आणि तेही जिव्हाळा न सोडता. नवऱ्याचा एकही दोष त्यांनी झाकला नाही आणि तरी पुस्तक मिटताना टिळकांविषयी आपल्या मनात आदरच राहतो. हे सोपे नाही. आपण नवऱ्याविषयी बोलू लागलो तर एक तर तक्रार करतो किंवा चारचौघींत कौतुक करतो. दोन्ही एका दमात खरे सांगणे लक्ष्मीबाईंना जमले.

म्हणून माझी एक सूचना आहे. मंडळात भिशीचा आणि हळदीकुंकवाच्या वर्गणीचा हिशोब आपण वहीत लिहितो. त्या वहीची मागची पाने कोरी असतात. ज्या भगिनीला पोरांचा, सासरचा, धन्याचा काही गमतीचा प्रसंग आठवेल, तिने तो चार ओळींत तिथे लिहावा. शुद्धलेखन कोणी तपासणार नाही. जिला लिहिता येत नाही तिने सांगावे, शेजारणीने लिहावे. पहिले पान मी लिहून ठेवले आहे. त्यात आमच्या धाकट्याने पाहुण्यांसमोर माझे वय आणि साडीची किंमत दोन्ही कशी सांगितली, ते आहे. साडीची किंमत खरी आहे. वयाचे मी काही बोलत नाही.