सासवण्याचे शिल्पकार नानासाहेब करमरकर

आमच्या खानदेशात घरात मूर्ती येते ती बहुधा पाहुणी म्हणून. भाद्रपदात गुलाबाई येते, शेजारी गुलोजी असतो. महिनाभर मुली तिच्यापुढे गाणी म्हणतात, झाकलेला खाऊ ओळखतात, आणि कोजागिरीच्या सुमारास ती पाण्यात जाते. गणपतीचे तेच. कायमची राहते ती देव्हाऱ्यातली मूर्ती, आणि आता बैठकीतल्या शोकेसमधली: जत्रेतून आणलेले प्लॅस्टरचे अश्वारूढ शिवाजी महाराज, एखादे बुद्धाचे मस्तक, हरणांची जोडी. देव नाही, राजा नाही, पुढारीही नाही, असा एखादा साधा माणूस मूर्ती होऊन घरात बसला आहे, हे मी चोपड्यात कोणाच्याही घरी पाहिलेले नाही. म्हणूनच ग्रंथालयात विनायक पांडुरंग करमरकर यांच्याविषयी वाचताना मला त्यांच्या मानसन्मानांपेक्षा त्यांच्या घराचेच नवल अधिक वाटले.

करमरकरांचा जन्म २ ऑक्टोबर १८९१ रोजी अलिबागजवळच्या सासवणे या गावी झाला. त्यांना पुढे सारे नानासाहेब म्हणत. गाव समुद्रकाठचे, नारळी-पोफळीचे, कोळ्यांचे आणि शेतकऱ्यांचे. घरात गणपतीच्या मूर्ती करण्याची आवड होती, तेव्हा माती हातात यायला मुलाला कोणाची परवानगी लागली नसावी. शाळकरी वयात त्याने गावातल्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचे चित्र काढले. कुलाबा जिल्ह्याचे त्या वेळचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड हे फिरतीवर असताना त्यांच्या नजरेस ते पडले. त्यांनी चौकशी केली, मुलाला शोधून काढले आणि मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्याच्या शिक्षणाची सोय करून दिली.

ही हकीकत सर्व चरित्रकार कौतुकाने सांगतात. मला मात्र ती वाचून थोडी भीती वाटली. कलेक्टरसाहेबांची घोडागाडी त्या दिवशी दुसऱ्या वाटेने गेली असती तर काय झाले असते? देवळाची भिंत पुढच्या दिवाळीला चुन्याने पांढरी झाली असती, एवढेच. मी इंटरमिजिएटची चित्रकलेची परीक्षा उत्तीर्ण झाले तेव्हा तिच्या प्रमाणपत्राचे पुढे काय करतात, हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. ते लोखंडी पेटीत आहे. सांगणारे माणूस भेटणे ही गोष्ट हुशारीइतकीच मोठी आहे, आणि तिचे श्रेय चरित्रनायकाला देता येत नाही, असे माझे मत आहे.

असो. जे. जे.मधील शिक्षण संपल्यावर काही काळाने रवींद्रनाथांचे पुतणे सुरेंद्रनाथ टागोर यांनी या तरुण शिल्पकाराला हेरले आणि १९१६ च्या सुमारास ते त्याला कलकत्त्यास घेऊन गेले. तेथे त्यांनी स्वतःचा स्टुडिओ थाटला. मोठमोठ्या लोकांचे पुतळे करण्याचे काम मिळू लागले. १९२० मध्ये ते इंग्लंडला गेले, लंडनच्या रॉयल अकादमीत शिकले आणि १९२३ मध्ये परतले. कोकणातल्या खेड्यातून निघालेल्या माणसाने बारा-पंधरा वर्षांत एवढी मजल मारली.

त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले ते पुण्याच्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्याने. या स्मारकाची कल्पना राजर्षी शाहू महाराजांची. १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते कोनशिला बसली. दुसऱ्याच वर्षी शाहू महाराज वारले आणि राजाराम महाराजांनी काम पुढे चालवले. पुतळा सुमारे साडेतेरा फूट उंच आहे. घोडा खरा उतरावा म्हणून कोल्हापूर दरबारचा घोडा समोर ठेवून अभ्यास केला, असे सांगतात. आधी माती, मग प्लॅस्टर, आणि शेवटी मुंबईच्या माझगाव गोदीत ब्राँझचे ओतकाम. एवढे प्रचंड ओतकाम परदेशात पाठवायचा रिवाज असताना ते येथेच केले गेले. तेथून पुतळा आगगाडीने पुण्यास नेला आणि १६ जून १९२८ रोजी गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. शिवाजीनगरला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात तो आजही उभा आहे. मी मामांकडे पुण्याला गेले होते तेव्हा मुद्दाम जाऊन पाहिला. मान वर करून पाहावे लागते. घोड्याच्या मानेच्या शिरा खालूनही दिसतात. देवळाच्या भिंतीवर ज्या विषयाने सुरुवात झाली त्याच विषयाचे हे काम, हा योगायोग कोणालाही सुचेल; पण एवढे काम केल्यावर माणूस घरी परत जाऊन काय करतो, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

करमरकर सासवण्याला परत आले. मुंबईतील कामे चालूच होती, तरी गावातल्या घराशी त्यांनी नाते तोडले नाही. तेथेही स्टुडिओ केला. पुतळ्यांची मागणी येते ती राजांच्या, नेत्यांच्या, धनिकांच्या पुतळ्यांची. त्यांचे पैसे मिळतात आणि काम झाले की पुतळा गावोगावच्या चौकात जातो. पण स्वतःच्या आनंदासाठी त्यांनी जे केले ते घरीच राहिले. त्यात कोळीण आहे, गावची कष्टकरी माणसे आहेत, आणि जनावरेही आहेत. कोणी मागणी नोंदवली नव्हती, कोणी वर्गणी जमवली नव्हती. शंख फुंकणाऱ्या स्त्रीचे ‘शंखध्वनी’ हे त्यांचे शिल्प बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळवून गेले. फुंकताना ताणलेला गळा आणि भरलेले गाल यांवर त्यांनी जेवढे लक्ष दिले आहे, तेवढे राजाच्या तलवारीवरही कोणी देणार नाही.

यांतली पुष्कळ कामे सिमेंटमध्ये आहेत. संगमरवर आणि ब्राँझ हे शिल्पाचे मानाचे पदार्थ. सिमेंट म्हणजे पाण्याची टाकी आणि गटाराची झाकणे. माझे वडील गवंडी आहेत. त्यांना मी पुस्तकातली छायाचित्रे दाखवली. कोळणीकडे त्यांनी फार वेळ पाहिले नाही, पण म्हशीकडे पाहतच राहिले. मग त्यांनी विचारले की, एवढ्या अंगाला आत सळई किती आणि जाळी कशी बांधली असेल. सिमेंट कालवले की थोड्या वेळात ते धरू लागते, म्हणून हात फिरवायला मुदत नसते. आणि धरल्यावर दिवसेंदिवस पाणी मारले नाही तर बारीक भेगा पडतात. समुद्रावरच्या खाऱ्या हवेत आतले लोखंड गंजते आणि फुगून वरचा थर फोडते, हीही भानगड. सहसा शिल्पकार मातीत आकृती करून तिच्यावरून साचा घेतात आणि साच्यात सिमेंट भरतात. हे मी वडिलांना सांगितले, तेव्हा त्यांनी ते कोबा टाकण्यासारखेच आहे, असे म्हणून विषय संपवला. पण ते पुस्तक आठवडाभर आमच्या घरी राहिले.

आज सासवण्याच्या त्या घरात आणि अंगणात सुमारे दीडशे शिल्पे आहेत. आमच्या एका प्राध्यापकांनी ते पाहिलेले आहे. अंगणातील म्हैस पाहून एखादा नवखा माणूस जरा बाजूने जातो, असे ते सांगतात. घर सजवावे म्हणून कोणी मूर्ती विकत आणून मांडल्या आहेत, असे तेथे वाटत नाही. गावातलीच माणसे येऊन बसली आहेत असे वाटते. हल्ली शहरातील नव्या घरांत धातूचे घोडे आणि जुन्यासारखे दिसणारे नवे पुतळे ठेवतात. त्यात वाईट काही नाही. पण त्यांतल्या एकाचेही नाव-गाव घरमालकाला सांगता येत नाही, आणि करमरकरांच्या अंगणातल्या चेहऱ्यांना शेजारी ओळखत असणार.

भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. १३ जून १९६७ रोजी ते वारले. मागे राहिलेल्या एवढ्या मूर्तींचे काय करायचे, हा प्रश्न कोणत्याही कुटुंबाला पडला असता: जागा अडते, देखभाल लागते, पावसाळा तर कोकणातला. घरच्यांनी, विशेषतः त्यांच्या सूनबाईंनी, त्या मूर्ती इकडेतिकडे वाटून टाकल्या नाहीत. घराचेच संग्रहालय केले. अलिबागहून रेवसकडे जाणाऱ्या रस्त्यावर उतरले की ते सापडते, आणि कोळीण, गडीमाणसे आणि म्हैस ही सारी मंडळी जिथली तिथेच आहेत.