भिंतीवर फळे पिकविणारा माळी

फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारात सेनानी, कवी आणि वास्तुविशारद यांची वाण नव्हती. परंतु राजाच्या ताटात जूनमध्येच पिकलेले अंजीर आणि ऐन डिसेंबरात अस्पॅरॅगस पोहोचविण्याची किमया एकट्या झाँ-बाप्तिस्त द ला कँतिनी यांनाच साधली होती.

1626 मध्ये शाबाने या गावी जन्मलेल्या कँतिनी यांनी प्वातिए येथे कायद्याचे शिक्षण घेतले. पुढे पॅरिसमधील एका बड्या अधिकाऱ्याच्या मुलाचे शिक्षक म्हणून ते इटलीच्या प्रवासास गेले. तेथील उद्यानांनी त्यांना असे भारून टाकले, की परतल्यावर वकिलीचा झगा कायमचा बाजूला पडला आणि हाती छाटणीचा चाकू आला. 1670 मध्ये राजाने आपल्या फळबागा व भाजीमळ्यांची जबाबदारी त्यांच्याकडे सोपविली.

खरी कसोटी पुढेच होती. व्हर्सायच्या राजवाड्यानजीक नव्या मळ्यासाठी मिळालेली जागा म्हणजे दुर्गंधीसाठी बदनाम असलेली दलदल होती. झाडे जगली नाहीत तर अपयशाचे खापर माळ्याच्याच माथी फुटणार, हे उघड होते. शेजारी खोदलेल्या तलावाची माती भरावाला घातली, सातोरीच्या टेकडीवरून चांगली माती आणली, पाण्याच्या निचऱ्याची सोय केली. 1678 ते 1683 या काळात सुमारे 9 हेक्टरांवर राजाचा मळा उभा राहिला. त्यात उंच भिंतींनी अनेक छोट्या बागा पाडण्यात आल्या.

या भिंतींतच त्यांच्या यशाचे रहस्य होते. पेअर, पीच यांसारखी झाडे भिंतीलगत लावून त्यांच्या फांद्या पंख्यासारख्या पसरवायच्या, बांधून घ्यायच्या आणि पुढे येणारे फुटवे छाटायचे, ही 'एस्पालिए' पद्धत त्यांनी शास्त्रशुद्ध केली. भिंत दिवसा ऊन साठवते व रात्री ऊब परत देते. झाड चपटे असल्याने प्रत्येक फळाला प्रकाश मिळतो. फांदी आडवी वळविली, की तिची उंच जाण्याची ओढ मंदावते आणि फळधारणेला बळ मिळते. निरनिराळ्या दिशांच्या भिंतींमुळे एकाच जातीची फळे वेगवेगळ्या वेळी पिकविता येत. राजा स्वतः मळ्यात येऊन छाटणीचे धडे घेत असे. 1687 मध्ये त्याने या माळ्याला सरदारकी बहाल केली.

पुढच्याच वर्षी, 1688 मध्ये, कँतिनी यांचे निधन झाले. आयुष्यभराचे ज्ञान ज्यात ओतले, तो ग्रंथ तेव्हा अप्रकाशितच होता. ते ज्ञान त्यांच्यासोबत लोपले नाही, याचे श्रेय त्यांच्या मुलाला जाते. त्याने 1690 मध्ये तो प्रसिद्ध केला, तर 1693 मध्ये जॉन एव्हलिन यांच्या नावे त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला. राजेशाही लयाला गेली. पण व्हर्सायच्या त्या भिंतींवर आजही फळझाडे फांद्या पसरून उभी आहेत.