राष्ट्रगुरू सुरेंद्रनाथ बंद्योपाध्याय

कलकत्त्याच्या उत्तरेस, गंगेच्या पूर्व तीरावर बराकपूर वसले आहे. मंगल पांडे यांच्यामुळे हे नाव सर्वश्रुत झाले. परंतु याच गावातील मणिरामपूर भागात एक थोर आचार्य दीर्घकाळ राहत होते व तेथून कलकत्त्यास जाऊन विद्यादान करीत होते, हे महाराष्ट्रात थोड्यांसच ठाऊक असेल. 1895 च्या पुणे येथील राष्ट्रसभेचे अध्यक्ष म्हणून मात्र आपल्या आजोबा-पणजोबांनी त्यांचे नाव ऐकले होते.

सुरेंद्रनाथांचा जन्म 10 नोव्हेंबर 1848 रोजी कुलीन ब्राह्मण कुळात झाला. पिता दुर्गाचरण हे नामांकित डॉक्टर होते. 1869 मध्ये सुरेंद्रनाथ विलायतेत सनदी परीक्षा उत्तीर्ण झाले आणि पुढे सिल्हेट येथे अधिकारपदावर रुजू झाले. पण एका खटल्याच्या कागदपत्रांतील दोषाचे निमित्त होऊन 1874 मध्ये ते बडतर्फ झाले. अशा वेळी ईश्वरचंद्र विद्यासागरांनी त्यांना आपल्या मेट्रोपॉलिटन संस्थेत इंग्रजीचे अध्यापन दिले. वेतन पूर्वीच्या निम्म्याहून कमी. तरी ते त्यांनी आनंदाने स्वीकारले.

26 जुलै 1876 रोजी इंडियन असोसिएशनची स्थापना व्हावयाची होती. त्याच दिवशी सकाळी त्यांचा पुत्र निवर्तला. पत्नीची अनुमती घेऊन ते सायंकाळी सभेस गेले व विरोधकांना उत्तर देऊन कार्य तडीस नेले. गीतापाठ करणाऱ्या गृहस्थाने या प्रसंगी त्या माउलीचेही स्मरण करावे. अनुमती देणे जाण्याहून सोपे नव्हते.

1883 मध्ये न्यायमूर्ती नॉरिस यांनी एका खटल्यात घरातील शाळिग्राम न्यायालयात आणविल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. सुरेंद्रनाथांनी आपल्या ‘बेंगॉली’ पत्रात त्यावर कठोर टीका केली. वृत्त सर्वांशी बरोबर नव्हते असे आढळताच त्यांनी क्षमाही मागितली. तरीही दोन महिन्यांचा कारावास चुकला नाही. त्या वेळी निदर्शने करणाऱ्या विद्यार्थ्यांत आशुतोष मुखर्जी होते, जे पुढे कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

याच सुमारास, 1882 मध्ये, त्यांनी एक शाळा हाती घेतली. तीच वाढून रिपन कॉलेज झाले. प्राचीन गुरुकुलात आचार्य व शिष्य एका छताखाली राहत; 1916 मध्ये मालवीयजींनी काशीस जे विश्वविद्यालय स्थापिले, त्यातही हाच निवासाचा आदर्श होता. रिपनला ती सोय कोठून असणार? विद्यार्थी शहरातील खाणावळींत, नातलगांकडे राहत, आणि आचार्य बराकपुरास. तो सहवास वर्गातच साधावा लागे, आणि सुरेंद्रनाथ तो साधीत. राजकारणाचा व्याप कितीही वाढला तरी अध्यापन त्यांनी सोडले नाही. सुमारे 37 वर्षे ते शिकवीत राहिले.

पण संस्थेची व्यवस्था हा निराळाच प्रश्न होता. महाविद्यालय त्यांच्या स्वतःच्या मालकीचे होते. जेथे संस्थापकच स्वामी, तेथे त्याच्या कारभाराकडे पाहणारा कोण? एकदा तर विधिवर्गातील हजेरीच्या नोंदींवरून संलग्नताच जाण्याची वेळ आली होती. ते संकट टळले. सुरेंद्रनाथांनी पुढे मालकीचा हक्क सोडला आणि महाविद्यालय विश्वस्तांच्या स्वाधीन करून सार्वजनिक केले. त्यांच्या सर्व कृत्यांत मला हे थोर वाटते. धनाचे दान अनेक करतात. स्वतः वाढविलेल्या संस्थेवरील ‘माझी’ हा शब्द मागे घेणे फार दुर्घट. आणि तेथेच एक आचार्य म्हणून शिकवीत राहणे तर त्याहून.

विद्यापीठावर सरकारी नियुक्तांचे वर्चस्व वाढविणाऱ्या 1904 च्या कायद्यास त्यांनी विरोध केला. वंगभंगाच्या चळवळीत ते अग्रभागी होते. 1921 मध्ये मंत्रिपद स्वीकारल्यामुळे मात्र जुने अनुयायी दुरावले आणि 1923 मध्ये आपल्याच परिसरातील निवडणुकीत डॉ. विधानचंद्र रॉय यांच्याकडून ते पराभूत झाले. 6 ऑगस्ट 1925 रोजी बराकपूर येथे त्यांचा देहान्त झाला.

रिपन कॉलेजला स्वातंत्र्यानंतर त्यांचे नाव मिळाले. बराकपुरातही 1953 मध्ये राष्ट्रगुरू सुरेंद्रनाथ महाविद्यालय स्थापन झाले.