रंगांनी हुलकावणी दिलेले ड्रॉइंग मास्तर



स्मरणिकेसाठी लेख दे, असा आपल्या बॅचच्या ग्रुपवर निरोप आला तेव्हा मी आधी चालढकल केली. दहावीनंतर मराठीत सलग दोन पानंही लिहिलेली नाहीत. रोजचं लिखाण म्हणजे संगणकाचा कोड आणि ईमेल. पण प्रत्येकाने आपल्या क्षेत्रातल्या एका दिवंगत मोठ्या माणसाची ओळख करून द्यायची, असं ठरलं आणि माझ्या डोळ्यांसमोर एकच नाव आलं, लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

किर्लोस्कर हे नाव आपल्याला नवं नाही. लहानपणी मला तर ते विहिरीवरच्या पंपाचंच नाव वाटायचं. ते एका माणसाचं आडनाव आहे आणि तो माणूस आधी ड्रॉइंगचा शिक्षक होता, हे मला चाळिशी आल्यावर कळलं. ते ज्या प्रसंगामुळे कळलं, तोही पुढे सांगते.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदांताचे पंडित. मुलाचं लक्ष मात्र पोथीपेक्षा चित्रांत आणि यंत्रांत. मोठे भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. चित्रकार व्हायचं स्वप्न होतं. दोनेक वर्षांत लक्षात आलं, की आपल्याला काही रंगांतला फरकच ओळखता येत नाही. रंगांधळ्या माणसाने चित्रकार कसं व्हायचं?

त्यांनी रंग सोडले, पण पेन्सिल सोडली नाही. यंत्रांची ड्रॉइंग काढायला ते शिकले. त्यात रंग लागत नाही. रेषा, माप आणि खूण एवढंच लागतं. त्या कौशल्यावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, मेकॅनिकल ड्रॉइंगच्या सहायक शिक्षकाची नोकरी मिळाली. त्याच सुमारास, १८८७ ते १८८९ या काळात, पॅरिसमध्ये आयफेल टॉवर उभा राहत होता. त्या टॉवरचे लोखंडी भाग अठरा हजारांवर, आणि ते बनवण्यासाठी कारखान्याला दिलेली ड्रॉइंग पाच हजारांवर. लोखंडाची मोठी कामं आधी कागदावर उभी राहतात, ती अशी.

आता माझ्या कामाबद्दल. मी पुण्यात ज्या सॉफ्टवेअरवर काम करते, ते अशीच ड्रॉइंग तयार करतं. मॉल, ऑफिसची इमारत किंवा गोदाम यांचा पोलादी सांगाडा किती मजबूत हवा, हे डिझाइन करणारा इंजिनिअर ठरवतो. पण कारखान्यात लोखंड कापणाऱ्याला तेवढ्याने भागत नाही. हा बीम नेमका किती लांब, भोक कडेपासून किती अंतरावर, वेल्डिंग किती जाडीचं, हे त्याला एकेका तुकड्यासाठी सांगावं लागतं. त्यालाच फॅब्रिकेशन ड्रॉइंग किंवा शॉप ड्रॉइंग म्हणतात. प्रत्येक तुकड्याला नंबर असतो आणि त्याच नंबराने तो साइटवर आपल्या जागी चढतो. २० मिलिमीटरच्या बोल्टला २२ मिलिमीटरचं भोक, म्हणजे चुकायला जागा फक्त दोन मिलिमीटर. त्याहून जास्त चुकलं, तर क्रेनला लटकलेला बीम जागेवर बसत नाही आणि खाली उभी असलेली माणसं वर बघत राहतात.

लक्ष्मणराव मुंबईत शिकवत असतानाच १८८८ मध्ये दोघा भावांनी बेळगावात सायकलींचा धंदा सुरू केला होता. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या, रामूअण्णांनी त्या विकायच्या आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचं. पुढे संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावललं गेलं. त्यांनी नोकरी सोडली आणि १८९७ मध्ये ते बेळगावला आले. तिथे छोटा कारखाना काढून आधी कडबा कापायचं यंत्र केलं आणि मग १९०३ मध्ये लोखंडी नांगर.

तो नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. लोखंडाने जमिनीत विष उतरतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. आपण पठारावरची माणसं, त्यामुळे मला त्या शेतकऱ्यांचं हसू येत नाही. बटाट्याचं नवं बियाणं लावायचं म्हटलं तरी आपल्याकडे आधी शेजाऱ्याचं पीक बघून येतात. वर्षाचं पीक पणाला लावायचं, तर माणूस जपूनच पाऊल टाकणार. लक्ष्मणरावही शेतकऱ्यावर रागावून धंदा बंद करून बसले नाहीत. ते थांबले, आणि नांगर चालतो हे लोकांना दिसेपर्यंत टिकून राहिले.

लोखंडी नांगरातही ड्रॉइंगचं काम आहेच. फाळ झिजतो, तो बदलावा लागतो, आणि नवा फाळ जुन्याच भोकांवर बसायला हवा. शिवाय ओतीव लोखंड थंड होताना मीटरला साधारण १० मिलिमीटर आकसतं, म्हणून लाकडी साचा तेवढा मोठा करावा लागतो. हे सगळं कागदावर आधी पक्कं नसेल, तर शंभर नांगरांचे शंभर वेगळे फाळ होतील. लक्ष्मणरावांच्या हातात ते कागदावरचं शिक्षण होतं.

मग बेळगावची जागा गेली. शहराच्या वाढीसाठी पालिकेने कारखाना हलवायला लावला. चाळिशीत, चालू कारखाना घेऊन जायचं कुठे? औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, जे स्वतः चित्रकार होते, त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचं बिनव्याजी कर्ज दिलं. जमीन म्हणजे निवडुंगाचं रान आणि त्यात साप. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली. कारखान्याबरोबर कामगारांची घरं उभी राहिली. वाडीत शिवाशिव पाळायची नाही, हा लक्ष्मणरावांचा नियम होता. तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांना त्यांनी चक्क पहारेकरी नेमलं, आणि त्या माणसांनी विश्वास राखला. पुढे नांगरांबरोबर पंप झाले, पोलादी फर्निचर झालं, मुलगा शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये शिकून आला आणि व्याप वाढत गेला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं.

आता माझा प्रसंग. काही वर्षांपूर्वी आमच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल दाखवायची नवी सोय मी केली. ड्रॉइंग सुधारलं की जुनी भोकं हिरवी आणि बदललेली भोकं लाल दिसायची. स्क्रीनवर फार छान दिसत होतं आणि माझं कौतुकही झालं. मग एका इमारतीच्या कामात बदललेली भोकं तपासणीतून तशीच सुटली. कारखान्यात तर प्रिंटच काळी-पांढरी, तिथे लाल काय आणि हिरवं काय. जुन्या मापाने भोकं पडली, बीम साइटवर गेले आणि बोल्ट बसेनात. दोन दिवस क्रेन नुसती उभी राहिली.

चौकशीचा अहवाल मला लिहायचा होता. पहिल्या मसुद्यात मी सरळ लिहिलं, की तपासनिसाने बदल पाहिला नाही. तो आमच्याकडचा सगळ्यात जुना, सगळ्यात बारकाईने काम करणारा माणूस. संध्याकाळी तो माझ्या टेबलापाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, की त्याला लाल आणि हिरवा वेगळे दिसतच नाहीत. नोकरी जाईल म्हणून पंधरा वर्षं त्याने ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. नेटवर रंगांधळेपणाविषयी वाचता वाचता लक्ष्मणरावांचं नाव समोर आलं, आणि मग मी त्यांचं चरित्र मिळवून वाचलं. ज्या माणसाला रंग दिसत नव्हते, त्याला ड्रॉइंगच्या रेषांनी जागा दिली होती. त्याच ड्रॉइंगमध्ये मी रंग घुसवून एका चांगल्या माणसाची जागा काढून घ्यायला निघाले होते. अहवाल मी बदलला. चूक सोयीची, म्हणजे माझी, असं लिहिलं. त्याचं गुपित त्यात आलं नाही. इथेही त्याला विचारूनच लिहिते आहे. वरिष्ठांची बोलणी खाल्ली, त्या वर्षीची बढतीही हुकली. पण आता आमच्या ड्रॉइंगमध्ये प्रत्येक बदलाभोवती जाड नागमोडी रेघ असते, शेजारी त्रिकोणात अक्षर आणि कोपऱ्यातल्या तक्त्यात त्याची नोंद. ड्रॉइंगच्या धंद्यातली ही जुनीच रीत. काळ्या-पांढऱ्या प्रिंटवरही दिसते. तो माणूस आजही आमची ड्रॉइंग तपासतो.

हे लिहिताना आपले चित्रकलेचे सर आठवतात. एलिमेंटरीच्या तयारीला ते भूमितीचा कागद तपासायचे, तेव्हा आकृती कितीही सुबक असली तरी माप लिहिलेलं नसलं की वही परत यायची. आपण वैतागायचो. सर, मेळाव्याला याल तेव्हा एक फॅब्रिकेशन ड्रॉइंग छापून आणते, काळं-पांढरंच. मापं तपासून घ्या.