गाडगेबाबांच्या धर्मशाळा

आषाढी-कार्तिकीस लक्षावधी वारकरी पंढरपुरास जातात. ज्यांच्या गाठीला पैसा असे, त्यांची उतरण्याची सोय पूर्वीही होई. गरीब वारकरी मात्र चंद्रभागेच्या वाळवंटात उघड्यावरच रात्र काढी. अस्पृश्य मानलेल्या भाविकांची दशा याहून कठीण होती. त्यांना देवळाचे दार बंद होते आणि धर्मशाळेची ओसरीही बंद होती. अशा भाविकांसाठी पंढरपुरात ज्यांनी पक्की इमारत उभी केली, त्यांना स्वतःचे घर नव्हते. ते होते गाडगेबाबा.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. त्यांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील लवकर वारल्यामुळे ते आजोळी दापुरे येथे वाढले. त्यांनी गुरे राखली, नांगर धरला. पण शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. मामांनी सावकाराचे कर्ज काढले होते. सावकाराच्या कागदांपुढे अडाणी मामांचे काही चालले नाही आणि शेत गेले. अक्षरशून्य माणसाची मालमत्ता कशी हातची जाते, हे डेबूजींनी डोळ्यांदेखत पाहिले.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, एका हातात खराटा आणि दुसऱ्या हातात मातीचे गाडगे, एवढाच त्यांचा संसार. गावात शिरताच ते रस्ते झाडू लागत. कोणी दिलेली भाकरी गाडग्यातच खात. रात्री कीर्तन करीत. कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, शिवाशीव पाळू नका, मुलांना शाळेत घाला, असे ते लोकांना कळवळून सांगत. कोणी पाया पडू लागले, तर ते त्यास पडू देत नसत.

लोक त्यांना देणग्या देत. त्या पैशातून पूर्णा नदीवर ऋणमोचन येथे घाट झाला. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उठल्या. मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही निवारा झाला. पंढरपुरातील अस्पृश्यांच्या धर्मशाळेस संत चोखामेळ्याचे नाव मिळाले.

लाखो रुपयांच्या या इमारतींचा मालक कोण? बाबांनी ठरविले असते, तर त्यांचे कुटुंब श्रीमंत झाले असते. परंतु लोकांचा पैसा लोकांचाच राहावा, असा त्यांचा कटाक्ष होता. म्हणून त्यांनी या मिळकती विश्वस्तांच्या हाती सोपविल्या. १९४९ साली चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस दिली. जेथे वारकरी विसावत, ती वास्तू शिक्षणाच्या कामी लागली. १९५२ साली गाडगे महाराज मिशन स्थापन झाले व सेवेचे कार्य पुढे चालू राहिले.

२० डिसेंबर १९५६ रोजी, प्रवासात असतानाच, अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या पुलापाशी बाबांची प्राणज्योत मालवली. हजारो वाटसरूंना निवारा देणाऱ्या या पुरुषाच्या नावावर स्वतःची म्हणावी अशी एकही खोली नव्हती.