बहुमताविना आमदार

संसदीय राज्यपद्धतीत अखेरचा शब्द बहुमताचा असतो, हे शाळकरी विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. त्यामुळेच ज्याच्या पाठीशी बहुमत नाही, असा प्रतिनिधी निवडून देण्याचा उपयोग काय, हा प्रश्न दर निवडणुकीत नव्याने विचारला जातो. भारतीय संसदेत 1970 नंतर एकाही खासगी विधेयकाचे कायद्यात रूपांतर झालेले नाही, ही वस्तुस्थिती या शंकेला बळच देते. तिचे निरसन करावयाचे तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1927 ते 1939 या काळात मुंबई विधिमंडळात केलेल्या कार्याकडे पाहावे लागेल. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून बाबासाहेब घरोघरी पोहोचले. परंतु त्यापूर्वीची त्यांची आमदारकीची कारकीर्द मात्र काहीशी उपेक्षित राहिली. त्या साऱ्या काळात त्यांच्या हाती ना सत्ता होती, ना सभागृहातील बहुमत.

1891 मध्ये महू येथे जन्मलेले आणि कोलंबिया व लंडन येथील विद्यापीठांच्या पदव्या घेऊन आलेले बाबासाहेब फेब्रुवारी 1927 मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात दाखल झाले, तेव्हा त्यांचे वय पस्तीस वर्षांचे होते. त्या वेळी अस्पृश्य वर्गाला आपले प्रतिनिधी निवडून पाठविण्याची सोय नव्हती. गव्हर्नरने नेमलेल्या सभासदांमार्फतच त्यांचे प्रतिनिधित्व होत असे. अशा सरकारनियुक्त सभासदाने सरकारच्या बाजूने हात वर करावा, अशीच सर्वसाधारण अपेक्षा असे. बाबासाहेबांनी पहिल्याच अधिवेशनात ही अपेक्षा खोटी ठरविली.

प्रांतिक अर्थव्यवस्था हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. 24 फेब्रुवारी 1927 रोजी अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी सरकारच्या करपद्धतीवरच बोट ठेवले. प्राप्तिकर भरणाऱ्याला ठरावीक उत्पन्नापर्यंत सूट मिते, शेतसारा मात्र एक एकर कसणाऱ्या गरिबालाही चुकत नाही, ही विषमता त्यांनी उघड केली. पुढे मार्चमध्ये शिक्षणावरील चर्चेत त्यांनी आणखी एक हिशेब मांडला. सरकार शिक्षणावर दर माणशी 14 आणे खर्च करते आणि त्याच माणसाकडून अबकारी उत्पन्नापोटी दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवून दिले. त्याच वर्षी जमिनीच्या तुकडेबंदीसाठी सरकारने आणलेल्या विधेयकालाही त्यांनी विरोध केला. नियुक्ती सरकारची असली तरी निष्ठा कोणाशी ठेवावयाची, हे त्यांनी स्वतः ठरविले होते.

सभागृहात झालेला निर्णय गावात आपोआप अमलात येत नाही, याचा अनुभवही त्यांना याच सुमारास आला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव रावबहादुर सी. के. बोले यांनी 1923 मध्ये कौन्सिलात संमत करवून घेतला होता. तरीही महाडचे चवदार तळे प्रत्यक्षात बंदच राहिले. मार्च 1927 मध्ये बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले, ते सभागृहानेच मान्य केलेला हक्क बजावण्यासाठी. कौन्सिलातील काम आणि रस्त्यावरील चळवळ ही त्यांनी एकाच गाडीची दोन चाके मानली.

बरोबर एक वर्षाने, मार्च 1928 मध्ये, त्यांनी 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. महार वतनदाराला सरकारचे आणि गावाचे काम रात्रंदिवस करावे लागे. घरातल्या कर्त्या माणसाने नाही म्हटले तर कुटुंबातल्या दुसऱ्या कोणालातरी जावे लागे. मोबदला म्हणून थोडी इनाम जमीन, तुटपुंजी रोकड आणि गावकऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून असलेले बलुते मिळे. या बलुत्याचे रूपांतर रोख रकमेत करावे आणि ज्याला चाकरी नको असेल त्याला पूर्ण सारा भरून जमीन आपल्याकडे ठेवता यावी, असा विधेयकाचा आशय होता. प्रवर समितीत त्याचा गाभाच उरला नाही, तेव्हा 1929 मध्ये बाबासाहेबांनी ते मागे घेतले. त्याच सुमारास कारखान्यांतील स्त्री कामगारांना प्रसूतीच्या काळात पगारी विश्रांती मिळावी, या दुसऱ्या एका सभासदाच्या विधेयकाला त्यांनी जोरदार पाठिंबा दिला. मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून खर्चाचा भार मालकाबरोबर सरकारनेही उचलावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. 1929 मध्ये तो कायदा झाला. सायमन कमिशनला साहाय्य करणाऱ्या प्रांतिक समितीतही बहुमताच्या अहवालावर सही न करता त्यांनी मे 1929 मध्ये स्वतंत्र अहवाल दिला आणि प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला मताधिकार मागितला.

1936 मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. 1937 च्या निवडणुकीत ते मुंबईतून निवडून आले आणि पक्षाचे बहुतेक उमेदवारही विजयी झाले. तरीही 175 सभासदांच्या विधानसभेत हा गट लहानच होता. सत्तेवर बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. 17 सप्टेंबर 1937 रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कोकणातील खोत सरकारला ठरलेला सारा भरी आणि कुळांकडून पिकाचा मोठा वाटा व वर वेठही वसूल करी. खोताला नुकसानभरपाई द्यावी आणि कसणाऱ्या कुळाला जमिनीचा कब्जेदार म्हणून मान्यता मिळावी, अशी त्यात योजना होती. विधेयक पुढे सरकेना, तेव्हा 10 जानेवारी 1938 रोजी कोकणातील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा त्यांनी मुंबईत विधिमंडळावर नेला. त्यात महार आणि कुणबी खांद्याला खांदा लावून चालले. एवढे होऊनही विधेयक मंजुरीपर्यंत पोहोचले नाही.

त्याच वर्षी आलेल्या औद्योगिक तंट्यांच्या विधेयकाने संपावर कडक निर्बंध घातले. मनाविरुद्ध काम करावयास लावणे म्हणजे गुलामगिरीच होय, म्हणून संप हा गुन्हा ठरू शकत नाही, अशी बाबासाहेबांची भूमिका होती. 7 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबईच्या कामगारांनी या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. त्यात कम्युनिस्टांशी मतभेद असतानाही ते त्यांच्याबरोबर उभे राहिले. विधेयक मात्र संमत झाले. त्यानंतर तीनच दिवसांनी त्यांच्या पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या प्रसारासाठी ठराव मांडला. त्यासाठी बाबासाहेबांनी तयार केलेले भाषण रोहम यांनीच वाचून दाखविले. सभागृहाने तो ठरावही फेटाळला. 1939 मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि हे पर्व संपले.

या बारा वर्षांचा ताळेबंद मतांच्या हिशेबाने मांडला, तर बाबासाहेबांच्या खात्यावर जवळजवळ पराभवच दिसतील. परंतु त्या पराभवांचे पुढे काय झाले? खोती 1949 च्या कायद्याने संपली. प्रौढ मताधिकार 1950 च्या राज्यघटनेत आला. संततिनियमन 1952 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम झाला. कनिष्ठ गाववतने 1958 च्या कायद्याने रद्द झाली. तेव्हा बाबासाहेबांच्या महानिर्वाणाला दोन वर्षे होऊन गेली होती. हे सारे त्यांच्या एकट्याच्या विधेयकांमुळे घडले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यामागे शेतकऱ्यांचे लढे होते आणि स्वातंत्र्याने बदललेली परिस्थितीही होती. तथापि ज्या सभागृहांनी पुढे हे निर्णय घेतले, त्यांना ते प्रश्न अनोळखी नव्हते. कोणीतरी ते आकड्यांसह आणि कलमवार मांडून ठेवले होते.

या विलंबाची किंमतही विसरता येत नाही. 1928 मध्ये जो उपाय सुचविला गेला, तो अमलात येण्यास तीस वर्षे लागली. तेवढ्या काळात एक पिढी बलुत्यासाठी दारोदार फिरून म्हातारी झाली. अल्पमताचे म्हणणे बहुमताने वेळीच ऐकले नाही, तर त्याचा भुर्दंड सभागृहाबाहेरच्या माणसाला पडतो.

म्हणून आमदाराची परीक्षा करताना त्याच्या पाठीशी किती हात वर झाले एवढेच पाहून चालणार नाही. तो कोणाच्या वतीने बोलला, अभ्यास करून बोलला काय, आणि ज्यांच्या कृपेने आसन मिळाले त्यांच्यापुढेही ताठ उभा राहिला काय, हे विचारावयास हवे. आंबेडकरांच्या विधिमंडळातील भाषणांचे खंड आज ग्रंथालयांत उपलब्ध आहेत. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने आणि मत देण्यास जाणाऱ्या नागरिकाने ते एकदा तरी चाळावेत. बहुमताविना निवडून येणाऱ्याचा उपयोग काय, हा प्रश्न मग त्यांना वेगळ्या शब्दांत विचारावासा वाटेल.